आधी रुमाल, मग शिष्यवृत्ती

छत्रपती संभाजीनगर,
श्रावण

चि. बाई हिस,


तुझ्या अर्जाचा खर्डा पोचला. टपालानं पाठवलास हे बरं केलंस, मोबाइलवर वाचून मला धड उमगत नाही. इंग्लंडात हल विद्यापीठाची विल्बरफोर्स इन्स्टिट्यूट आहे, गुलामगिरीच्या इतिहासावर पीएच.डी. करणाऱ्यांना ती वेळोवेळी शिष्यवृत्ती देते, आणि आष्टीत बसून तुला ती आपल्याला मिळावीशी वाटली, याचा मला आनंद झाला. अक्का मात्र फोनवर म्हणाली, "गुलामांचं शिकून नोकरी लागती का रे?" लागते, पण उशिरा, असं मी सांगून टाकलं. सख्ख्या बहिणीशी खोटं कशाला बोला.

आता खर्ड्याकडे येतो. तू विषय घेतलास 'अटलांटिक गुलामव्यापारातील आफ्रिकी स्त्रिया'. विषय मोठा आहे, तू वाचलंयही पुष्कळ. पण निवडणारी माणसं पहिला प्रश्न हाच विचारतील की हे काम तूच का करायचंस. त्या व्यापाराचे कागद लिव्हरपूल, लिस्बन, सेव्हिल इथे पडलेत. तिथली पोरं सकाळी बस धरून दफ्तरात जाऊन बसतात, पोर्तुगीज-स्पॅनिश त्यांना येते. तू तिथे जाऊन त्यांच्याच ओळीत शेवटी उभी राहणार. उलट मोडी वाचू शकणारी मुलगी त्यांच्याकडे नाही. तुला मोडी येते, परीक्षा पास झालीस, आणि अख्ख्या खर्ड्यात त्याचा उल्लेख नाही! इंग्रजीत चार चुका असत्या तर मी दुरुस्त केल्या असत्या. ही चूक तुझी तूच दुरुस्त कर.

जोतीरावांचं 'गुलामगिरी' तू बी.ए.ला असताना वाचलंस. 1873 सालचं पुस्तक. अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती, आणि जोतीरावांनी ते अर्पण केलं तिथल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या सज्जनांना. अर्पणपत्रिका अमेरिकेच्या नावाची, पण आतली पानं इथल्या शूद्रातिशूद्रांची. जग जरूर वाच, पण लिहायचं ते इथलं लिही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुला वाटेल, मग मलिक अंबर घ्यावा. आमच्या या शहरात राहून त्याचं नाव टाळताच येत नाही. हबसाणातून धरून आणलेलं, हातोहात विकत गेलेलं पोर अहमदनगरात येतं, निजामशाहीचा कारभार हातात घेतं, खडकी म्हणजे हेच शहर वसवतं, 1624 साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा मोडतं, आणि 1626 साली मरेपर्यंत मोगलांना दख्खनेत पाय रोवू देत नाही. खुलताबादला त्याची कबर आहे, तू पाहिलीस. पण त्याच्यावर लिहू नकोस. एक तर सगळेच लिहितात, रिचर्ड ईटनसारख्या माणसानं लिहून झालंय. दुसरं असं की अंबर हा गुलामगिरीतून वर निघालेला माणूस. त्याच्या चरित्रात गुलामगिरी पहिल्या प्रकरणात संपते. त्याच्या फौजेतल्या साध्या हबशी शिपायाचं पुढे काय झालं हे कोणी सांगितलं तर मी ऐकायला येईन, पण त्याला फारसी चांगली लागेल आणि ती तुला येत नाही.

नाशिकचा विषय मात्र डोक्यात ठेव. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमारानं अरबी समुद्रात गुलामांची गलबतं धरली की त्यातली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवत. त्यातली काही नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. डेव्हिड लिव्हिंगस्टन 1873 साली आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा देह समुद्रकाठापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. तो पुढे इंग्लंडपर्यंत गेला आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनाला हजर होता. नाशिककरांतही हे किती जणांना ठाऊक असेल? 1875 साली मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसलं ते याच लोकांच्या बळावर. मिशनचे कागद बर्मिंगहॅमला आहेत, म्हणजे इंग्लंडची शिष्यवृत्ती मागायला सबळ कारण मिळतं. तरी हा विषय दुसऱ्या नंबरवर ठेव.

पहिल्या नंबरवर कुणबिणी आणि बटकी.

पेशवाईतल्या घरांत, कोठ्यांत, पागेत, किल्ल्यांवर राबणाऱ्या या बायका. कोणी मोहिमेत धरलेली, कोणी दुष्काळात विकली गेलेली, कोणी बदकर्माच्या आरोपाखाली सरकारजमा झालेली. त्यांची खरेदी-विक्री होई, बक्षीस म्हणून देणंघेणं होई, म्हातारपणी सोडून दिल्याच्या नोंदीही आढळतात. यावर इंग्रजीत सुमित गुहांचा एक चांगला निबंध आहे, 2006 साली इंद्राणी चटर्जी आणि ईटन यांनी संपादित केलेल्या पुस्तकात. तो आधी वाच. दख्खनेतल्या लष्करी गुलामगिरीवरचा ईटनांचा निबंधही त्यातच सापडेल. मग गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीचे खंड काढ, आणि सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड. हे सगळं छापील आहे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून होईल. सूचीत 'गुलाम' शोधत बसलीस तर हाती फार लागणार नाही. कुणबीण, बटीक, पोरगा, लेकवळा असं शोध.

छापील संपलं की पुण्याला जा, पुराभिलेखागारात. तिथे कपड्यात बांधलेले रुमाल आहेत, हजारोंनी. रुमाल सोडलास की पहिले काही दिवस काहीच कळणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो. परीक्षेतली मोडी वेगळी आणि कारकुनाची वेगळी. आधी आडवी रेघ ओढलेली, तिला लोंबत अक्षरं, दोन शब्दांत जागा नाही, लेखणी उचलायचा कारकुनाला कंटाळा. तारखेपुढे 'छ' दिसेल, तो चंद्राचा, पुढे मुसलमानी महिना, आणि साल सुहूर. सुहूर सालात 599 किंवा 600 मिळवलेस की इसवी सन येतो, कारण ते साल मृगाला बदलतं. मृग म्हटल्यावर तुला वेगळं सांगायला नको, पेरणीचा हिशेब आणि पेशव्यांचा हिशेब एकाच दिवशी सुरू व्हायचा.

मग एखाद्या ओळीवर डोळा ठरतो. कुणबिणीचं नाव, वय अमुक, किंमत रुपये अमुक, कोणाकडून घेतली, कोणत्या कोठीकडे दिली. एक ओळ, फार तर दीड. बापाचं नाव बहुधा नाहीच, नवऱ्याचं तर नाहीच नाही. जनावराच्या दाखल्यात रंग आणि शिंगं लिहितात, तेवढंही कधी कधी नसतं. अशा ओळी तुला जमवायच्यात. पाच-दहा जमवून निबंध होतो, पीएच.डी.ला शेकड्यांनी लागतील. प्रत्येक ओळीला एक कार्ड कर, संगणकावर करायचं तर संगणकावर, पण रुमाल क्रमांक लिहिल्याशिवाय पुढची ओळ वाचू नकोस.

हे सगळे कागद धन्याचे आहेत, हे मात्र विसरू नकोस. जगात सगळीकडे असंच आहे. इंग्लंडच्या संसदेनं 1833 साली गुलामगिरी बंद करायचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना दिली, गुलामांना दमडी नाही. पण ती भरपाई मागण्यासाठी मालकांनी जे दावे केले, त्यांच्याच जोरावर आज लंडनच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी कोणाकडे किती गुलाम होते याची यादी उभी केली. मालकाच्या वहीतून मालकाला नको असलेली गोष्ट काढायची, हे आपलं काम. आणि सगळे धनी वाईट, सगळ्या बायका मुक्या, असं गृहीत धरून बसू नकोस. पळून गेलेल्या, फिर्याद घेऊन गेलेल्या बायकाही नोंदीत सापडतील, त्या मुद्दाम शोध. तसंच, शिवाजी महाराजांनी 1677 साली दक्षिणेत डच लोकांना दिलेल्या कौलात माणसांच्या खरेदी-विक्रीला बंदी घातली होती. हे अभिमानानं सांगायचं तर जरूर सांग, पण त्याच राज्याच्या पुढच्या पिढ्यांत कुणबिणी विकल्या गेल्या हेही त्याच प्रकरणात आलं पाहिजे. एक सांगून दुसरं गाळलंस तर तो इतिहास होणार नाही, मग तू कोणत्याही बाजूची अस.

आता कायद्याची एक गोष्ट, कारण खर्ड्यात तू इथे घसरलीस. 1833 चा तो कायदा भारताला लागू नव्हता, कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. इथे 1843 चा पाचवा कायदा आला. त्यानंही गुलाम ठेवणं गुन्हा केलं नाही, फक्त कोर्टानं गुलामीचा हक्क मानायचा नाही एवढंच ठरवलं. गुन्हा झाला तो 1860 च्या दंडसंहितेनं. आणि यातलं काहीच आष्टीला थेट लागू नव्हतं, कारण आपण निजामाच्या राज्यात होतो, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. म्हणून "1843 साली आमच्या गावी गुलामगिरी संपली" हे तुझं वाक्य काढून टाक.

आष्टीवर एखादं प्रकरण करायचं असेल, आणि करावंस असं मला वाटतं, तर जालना नावाखाली काही शोधू नकोस. जालना जिल्हा 1 मे 1981 चा. त्याआधी आपला परतूर तालुका परभणीत होता. जुने कागद परभणीच्या नावानं आणि हैदराबादच्या दफ्तरात मिळतील, उर्दू-फारसीत, फसली सनानं. फसलीत 590 मिळव, एखादं वर्ष इकडेतिकडे. हैदराबाद संस्थानानं 1936 साली भगेल्यांच्या करारांबद्दल कायदा केला होता. भगेला म्हणजे कर्जापोटी मालकाकडे राबणारा गडी. त्याच सुमाराची एस. केशव अय्यंगारांची हैदराबाद संस्थानातल्या खेड्यांची आर्थिक पाहणी मिळते का बघ. शिवाय तुझ्या आजूबाजूला सालगडी राहिलेले म्हातारे आहेत, त्यांना विचारायला शिष्यवृत्ती लागत नाही.

आता अवघड जागी येतो. खर्ड्याच्या शेवटच्या पानावर तू लिहिलंस की तुझे आईबाप आजचे गुलाम आहेत. हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि जरा फिरून आलो.

तुझा राग मला कळतो. दिवाळी झाली की अक्का आणि दाजी कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याच्या वाटेला लागतात, पट्टा पडल्यावर परत येतात. तू लहानपणी कोपीत झोपलीस, पहाटे उसाच्या वाढ्यांवर बसलीस. पण परदेशातल्या परीक्षकाच्या काळजाला हात घालायला आईबापांना एका शब्दात बसवू नकोस. त्यांना विचारलंस का? अक्का उचल ठरवताना मुकादमाशी कशी भांडते ते तू पाहिलंयस. कुणबिणीला तिची किंमत कोणी विचारून ठरवत नव्हतं. तिचं लेकरूही धन्याचं असे. दाजींना कोणी विकू शकत नाही, आणि तू आज एम.ए. होऊन मला उलट उत्तरं देतेस.

तरी हे सगळं ठीक चाललंय असं मी म्हणत नाही. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला त्याच टोळीत जावं लागतं, खाड्याचे पैसे कापले जातात, मधेच निघून आलं तर दारात गाडी येऊन उभी राहते. 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा वाच. आगाऊ रक्कम दिली आणि त्यापायी दुसरीकडे काम करायची मोकळीक गेली, तर ती वेठबिगारी ठरू शकते, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे. 1982 साली सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनाहून कमी मजुरीत केलेलं कामही सक्तीचं काम मानलं. विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी वेठबिगार सोडवले, त्यांना 1999 साली लंडनच्या ॲण्टी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. त्यांचं बळ होतं एकेका माणसाच्या पक्क्या माहितीत. तुझ्या खर्ड्यात राग आहे, माहिती नाही.

माहिती घरातच आहे. मुकादमाची वही एकदा नीट बघ. दाजींचं नाव, उचल, मग खर्ची, किराणा, दवाखाना, टायरगाडीचं भाडं, शेवटी बाकी. अक्काचं नाव कुठे आहे? कुठेच नाही. ती 'कोयत्या'त आहे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हिशेब जोडीचा, नाव गड्याचं. आता हे पेशवे दफ्तरातल्या त्या ओळीशेजारी ठेव. तिथे बाईचं नाव आहे, नवऱ्याचं नाही. इथे नवऱ्याचं नाव आहे, बाईचं नाही. तिथे बाईची किंमत लिहिली आहे, इथे तिच्या कष्टाची किंमत वेगळी लिहिलेलीच नाही. दोन वह्यांमध्ये सव्वादोनशे-अडीचशे वर्षं आहेत. त्या काळात वहीतल्या बाईचं नाव कसं कसं बदलत गेलं, कधी गेलं, कोणत्या कामात टिकलं, हा तुझा विषय. हा मला सुचला म्हणून घेऊ नकोस, पण यापेक्षा बरा सुचेपर्यंत टाकूही नकोस.

हा विषय घेऊन हलला अर्ज कर, आणि जर्मनीतल्या बॉन विद्यापीठालाही. तिथे 2019 पासून गुलामगिरी आणि परावलंबित्वाच्या अभ्यासाचं मोठं केंद्र आहे. गुलाम आणि स्वतंत्र अशी दोनच खाती करून जग समजत नाही, मधल्या देणेकऱ्यांचं, वेठबिगारांचं, करारानं बांधलेल्यांचं काय, असं त्यांचं म्हणणं आहे. तुझ्या दोन वह्या त्यांना लगेच कळतील.

पण परदेशाच्या भरवशावर घर सोडू नकोस. आधी नेट दे. जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37 हजार आहे, दोन वर्षांनी 42 हजार. वयाची अट तिशीची, बायकांना पाच वर्षं सवलत. पेपर इंग्रजी-हिंदीतच येतो, तेव्हा इंग्रजीचा राग सोड. राज्य सरकारची महाज्योती संस्था आहे, तिच्या नियमांत आपण बसतो, तिची फेलोशिप पीएच.डी.ला नोंदणी झाल्यावर मागता येते. तिकडे दिल्लीला भारतीय इतिहास अनुसंधान परिषदही संशोधकांना फेलोशिप देते. यातलं काहीही मिळालं तरी हप्ते वेळेवर पडतील असं धरून चालू नकोस. पहिल्या हप्त्यातले चार महिन्यांचे पैसे वेगळे काढून ठेव. दाजींची उचल त्यातून फेडायचा मोह तुला होईल, मला माहीत आहे. तो विषय माझ्यावर सोड, मी आणि दाजी बघून घेऊ. ते पैसे पुण्याच्या खोलीचे आणि मेसचे आहेत.

केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी आहे, असं तुला कोणीतरी सांगितलंय. खरं आहे. पण 2022 साली तिच्या नियमांतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय काढून टाकले. म्हणजे अटलांटिकवर लिहिलंस तर चालेल, आष्टीवर नाही! माझं मत विचारशील तर हा नियम चुकीचा आहे. ज्यांच्या घरातून हा इतिहास गेला, त्यांनाच तो बाहेर जाऊन अभ्यासायला बंदी. पण त्या पैशासाठी विषय बदलू नकोस. राज्य सरकारचीही परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिचे या वर्षीचे नियम नीट वाच, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. नुसतं काही आठवडे लंडनला जाऊन ब्रिटिश लायब्ररीतले कंपनीचे कागद पाहायचे झाले तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट छोटी मदत करतो, ते पीएच.डी.च्या मध्यावर बघू.

कागदपत्रांची तयारी आजच कर. परतूरला जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर काढ, जात वैधता झाली नसेल तर जालन्याचे हेलपाटे आत्ताच सुरू कर, तिला वेळ लागतो. पासपोर्टवर नाव दहावीच्या सनदेप्रमाणेच येऊ दे. शिफारसपत्रं देणाऱ्या प्राध्यापकांना महिनाभर आधी सांग आणि सोबत विषयाचं एक पान दे, नाहीतर ते 'विद्यार्थिनी होतकरू आहे' एवढंच लिहून मोकळे होतील. तसली पत्रं मीही लिहिली आहेत, त्यांचा काही उपयोग होत नाही.

आणि आईबापांबद्दल जे लिहिशील ते आधी अक्काला वाचून दाखव. तिला नको असेल ते गाळ. मुकादमाच्या वहीचा फोटो घ्यायचा तर दाजींना विचारून घे, आणि त्यात दुसऱ्या जोड्यांची नावं दिसत असतील तर ती झाक. ही माणसं हयात आहेत, त्यांना त्याच मुकादमाकडे परत जायचंय.

इंग्रजी खर्डा आता फाडून टाक. विषय मराठीत एका पानात लिही: कोणते कागद, कुठले, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि त्यांना काय विचारायचं. टोळी निघायच्या आत ते पान घेऊन इकडे ये, अक्कालाही आण. वाडांचे खंड मी ग्रंथालयातून काढून ठेवतो.

तुझा,
मामा